केळीच्या बागेतून घरापर्यंत: हरवणाऱ्या पॅकेटांचा बंदोबस्त

रावेर तालुक्यातली आमची केळीची बाग घरापासून लांब. ठिबकचा व्हॉल्व्ह घरूनच उघडावा-मिटावा आणि मातीतल्या ओलाव्याचा आकडा घरी दिसावा, म्हणून लोराचे, म्हणजे कमी विजेत लांबवर थोडा मजकूर पोचवणाऱ्या रेडिओचे, मॉड्यूल बसवले. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे विनापरवाना वापरता येतो, सिमकार्डाची भानगड नाही. झाडं गुडघाभर होती तोवर झकास चाललं. बाग निसवायला लागली तशी पॅकेटं, म्हणजे हवेतून जाणारे मजकुराचे छोटे गठ्ठे, गळायला लागली. केळीचं पान पाण्याने भरलेलं, रेडिओलहरी त्यात विरतात.

पॅकेटच्या शेपटीला सीआरसीचा ताळा, म्हणजे मजकूर वाटेत बिघडला का ते पडताळणारा आकडा, होताच. ताळा जुळला की समोरून पोच यायची, पोच नाही आली की पॅकेट पुन्हा जायचं. पण लिंकच कमजोर असेल तर पुन्हा पाठवलेलंही तसंच खराब पोचतं आणि बॅटरी फुकट जाते. म्हणून कोडिंग रेट ४/५ चा ४/८ केला. ४/५ मध्ये चार बिटांमागे एकच जादा बिट, त्याने चूक फार तर कळते. ४/८ मध्ये जादा बिट चार, मग एखादा चुकलेला बिट रिसीव्हर स्वतःच दुरुस्त करतो. अमेरिकी गणितज्ञ रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० साली मांडलेली ही युक्ती. तरी खरा फरक पडला तो स्प्रेडिंग फॅक्टर, म्हणजे प्रत्येक संकेत हवेत किती लांबवून पाठवायचा तो आकडा, ७ वरून १० वर नेल्याने. दर पायरीला पॅकेटचा हवेतला वेळ जवळपास दुप्पट होतो, पण ओलाव्याच्या आकड्याला कसली आलीय घाई!

डोकं खाल्लं ते व्हॉल्व्हने. नाना म्हणाले, "अरे, मी बटण एकदाच दाबलं. व्हॉल्व्ह उघडला अन् लगेच मिटलाही."

हुकूम बागेत पोचला होता, परतीची पोच वाटेत हरवली होती. घरच्या मॉड्यूलने हुकूम पुन्हा धाडला, आणि तयार कोडातला हुकूम होता 'आहे त्याच्या उलट कर'. मग 'उघड' आणि 'मीट' असे वेगळे हुकूम केले, प्रत्येकाला अनुक्रमांक दिला. तोच क्रमांक परत आला तर व्हॉल्व्हला हात लावायचा नाही, फक्त पोच पुन्हा द्यायची.

ओलाव्याचे दोन नोड, म्हणजे बागेत बसवलेली मॉड्यूलं, एकाच वेळी बोलत आणि त्यांची पॅकेटं एकमेकांवर आदळत; पोच न आल्याने दोन्ही तेवढेच सेकंद थांबून पुन्हा पाठवत, पुन्हा आदळत. थांबण्याचा वेळ रँडम केल्यावर ते मिटलं.

विहिरीकडचा नोड अजून अधूनमधून गप्प होतो. अँटेना पानांच्या वर काढायला उंच पाइप लावायचा विचार आहे. नाना म्हणतात, वादळात तो टिकायचा नाही.