बसून

मागच्या शनिवारी आप्पांना घेऊन आम्ही लष्करात गेलो. 'कॅम्प' हा शब्द ते वापरत नाहीत. कसब्यातून रिक्षाने वीस मिनिटं, पण त्यांच्या लेखी परगावच. निघताना टोपी, काठी, पाण्याची बाटली, सगळं. निमित्त माझ्या लेकीचं. ती वेस्टर्न फ्लूट शिकते आणि तिचे सर आणखी चौघांबरोबर वाजवणार होते. एका शाळेचा हॉल, प्रवेश मोफत.

"काय काय वाद्यं आहेत?" आप्पांनी रिक्षात विचारलं.

लेकीने बोटांवर मोजून सांगितलं, "फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, हॉर्न आणि बसून."

"बसून तर वाजवणारच. पाचवं कुठलं?"

"आजोबा, बसून हेच पाचवं!"

रिक्षावाला इतका हसला की सिग्नल सुटलेला त्याला कळला नाही.

आता आप्पांबद्दल. वय त्र्याऐंशी. एकेचाळीस वर्षं त्यांनी लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवली. त्यांच्या भाषेत 'क्लॅरोनेट'. तुळशीचं लग्न लागलं की सुपाऱ्या सुरू व्हायच्या, त्या पाऊस पडेपर्यंत. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, पायात मात्र साध्या चपला, कारण पाच-पाच तास चालायचं. चालत वाजवायचं, उभ्याने वाजवायचं, वरात अडली की जागेवर पाय हलवत वाजवायचं. बसून वाजवताना मी त्यांना फक्त घरी पाहिलंय, तेही दुपारी, खिडकी लावून.

आणि बसून ऐकणारं? वरातीत कोण ऐकतंय. नाचणाऱ्याला ताल हवा, नवरदेवाच्या मित्रांना नागीण हवी. मी दहा-अकरा वर्षांची असताना एका मंगल कार्यालयात त्यांचा डबा घेऊन गेले होते. बँडवाले मागच्या बाजूला, भटारखान्याच्या भिंतीशी. ऊन मी म्हणत होतं. मास्तरांनी व्यवस्थापकाकडे सावलीची जागा मागितली, तर त्याने मांडववाल्याच्या ट्रककडे बोट दाखवलं. ट्रकच्या सावलीत बसून आप्पांनी डबा खाल्ला आणि मला म्हणाले, "आत जाऊ नकोस, आपल्याला बोलावणं नाही." माझ्या सासरच्या एका वडीलधाऱ्या बाईंनी तर लग्न ठरताना विचारलं होतं, "तोंडात धरून वाजवायचं ना ते? मग उष्टंच की." हे मी आप्पांना कधी सांगितलं नाही. इथे लिहितेय, कारण आप्पा ब्लॉग वाचत नाहीत.

तशी फुंकून वाजवायच्या वाद्याला आपल्याकडे जागा आहे, पण दारात. शनिवारवाड्याचा नगारखाना बघा, दिल्ली दरवाज्याच्या डोक्यावर. सवाई गंधर्व महोत्सवातही सनईने सुरुवात होते, त्या वेळी निम्मा मंडप आपली खुर्ची शोधत असतो. मीही शोधते, उगाच कशाला खोटं बोलू.

हॉलच्या दारात इंग्रजी पोस्टर होतं. आप्पांनी विचारलं, काय लिहिलंय? म्हटलं, गोऱ्यांखेरीज इतरांनी लिहिलेलं संगीत आहे; आफ्रिकन वंशाची एक बाई, क्यूबाचा एक माणूस, भारतीय वंशाची एक बाई.

"म्हणजे आजवर यांना आत घेत नव्हते?"

"वाजवायला घेत असतील. यांनी लिहिलेलं फारसं वाजवत नव्हते."

"हं," आप्पा म्हणाले आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले. मी मागे बसा म्हणत होते.

या पाच वाद्यांचा मेळ जुना आहे. अँटोन राइखा नावाच्या, प्राग शहरात जन्मलेल्या संगीतकाराने पॅरिसमध्ये दोनशे वर्षांपूर्वी अशी चोवीस पंचकं लिहिली आणि हा प्रकार रुळला. नाव 'वुडविंड', म्हणजे लाकडी, पण हॉर्न सरळ सरळ पितळी, आणि फ्लूटसुद्धा आता धातूची. कुळाच्या नावावर जाऊ नये.

बसूनवाला मुलगा आला आणि आप्पांनी मला कोपर मारलं. त्याने खुर्चीवर आडवा चामडी पट्टा टाकला, त्यावर बसला आणि पट्ट्याचं टोक वाद्याच्या बुडाला अडकवलं. म्हणजे आठ फुटांची ती दुमडलेली नळी त्याच्या स्वतःच्या वजनाने तोलली जाते. उभा राहिला की वाद्य खाली. "खरंच बसून!" आप्पा एवढ्या मोठ्याने म्हणाले की मुलगा हसला.

पहिली रचना व्हॅलरी कोलमन यांची, 'उमोजा'. १९७० साली केंटकीतल्या लुईव्हिलमध्ये जन्मलेली ही बाई स्वतः फ्लूट वाजवते. १९९७ साली तिने न्यूयॉर्कमध्ये असंच पाच जणांचं पंचक उभं केलं, 'इमानी विंड्स'. इमानी म्हणजे स्वाहिली भाषेत श्रद्धा. आपलं 'इमान' आणि ते 'इमानी', दोन्ही एकाच अरबी शब्दाची लेकरं; हे समजल्यावर मला का कोण जाणे फार बरं वाटलं. 'उमोजा' म्हणजे एकी. आधी ते बायकांनी मिळून म्हणायचं गाणं होतं, मग पंचक झालं. चाल साधी, लगेच तोंडात बसणारी, आणि ती फिरत राहते: एकाने हाक द्यायची, बाकीच्यांनी ओ द्यायची. शाहिराच्या मागे झीलकरी ओढतात ना, थेट तसं. आप्पांचा पाय दुसऱ्या फेरीलाच हलायला लागला.

घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की हीच रचना २०१९ साली फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राने मोठ्या रूपात वाजवली. हयात असलेल्या आफ्रिकन-अमेरिकन बाईची शास्त्रीय रचना त्या ऑर्केस्ट्राने वाजवण्याची ती पहिली वेळ. ऑर्केस्ट्रा १९०० सालचा. आप्पांना सांगितलं. त्यांनी मनात वजाबाकी केली, एवढंच म्हणाले, "एकशे एकोणीस."

दोन रचनांच्या मध्ये हॉर्नवाल्या मुलीने वाद्य गोल फिरवून आतलं पाणी जमिनीवर झटकलं. फुंकरीची वाफ आत थंड होऊन साचते ते पाणी. आमच्याच रांगेतल्या एका बाईंनी पाय मागे घेतले. ओबोवाला तोवर छोट्या डबीतल्या पाण्यात रीड, म्हणजे फुंकल्यावर थरथरणारी ती पातळ पट्टी, बुडवून, चोखून, फुंकून बघत होता. ओबोची रीड दुहेरी, सनईसारखी. सुकली की बोलत नाही. उष्टं म्हणाल तर सगळा मंचच उष्टा होता. मला सासरच्या त्या बाई आठवल्या, आणि मी एकटीच हसले.

दुसरी रचना क्यूबाच्या पाक्वितो दि रिव्हेरा यांची, 'आयरेस त्रोपिकालेस'. तिच्यात लहान लहान तुकडे आहेत, काही नाचाचे: एक हबानेरा, एक व्हेनेझुएलाचा वॉल्ट्झ, एक ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी यांची आठवण म्हणून. तुकडे मजेचे होते, पण यांची तयारी तिथे जरा कमी पडली. वॉल्ट्झमध्ये क्लॅरिनेट आणि ओबो एकमेकांची वाट बघत राहिले. माझं लक्ष कार्यक्रमाच्या कागदाकडे गेलं. पाक्वितोचे वडील सॅक्सोफोनवादक, आणि त्यांनीच पोराला पाचव्या वर्षी सॅक्सोफोन दिला. आप्पांनी मला क्लॅरिनेटला हात लावू दिला नाही. पोरींनी फुंकायचं नसतं, असं आई म्हणायची, आणि आप्पा गप्प बसायचे. आज त्यांची नात फुंकते, त्याचं ते चहावाल्यापासून सगळ्यांना कौतुक सांगतात. असो.

शेवटची रचना रीना इस्माइल यांची, २०१७ सालची, इमानी विंड्ससाठीच लिहिलेली: 'द लाइट इज द सेम'. दिवे वेगळे असले तरी उजेड एकच, या रूमीच्या वचनावरून ते नाव. दोन राग घेतलेत, वाचस्पती आणि यमन. दोन्हींत मध्यम तीव्र. फरक एका निषादाचा. वाचस्पतीत कोमल, यमनात शुद्ध.

आप्पांनी कागद वाचला नव्हता, चष्मा घरी होता. सुरुवातीला ते कपाळाला आठ्या घालून बसले. मग माझ्या कानाशी आले, "नी उतरलीय." थोड्या वेळाने बोटाने वर खूण केली, म्हणजे चढली. मग क्लॅरिनेटने एक लांब मींड घेतली, आणि आप्पा चक्क मोठ्याने म्हणाले, "यमन!" मघाच्याच बाई वळल्या. आप्पांचं तिकडे लक्ष नव्हतं. मास्तरांनी त्यांना पेटीवर पहिला शिकवलेला राग यमन. वरातीत तो कधी कुणी मागितला नाही; खिडकी लावून दुपारी वाजायचा तो हाच. त्या मींडेचं इंगित त्यांनी मला परतताना सांगितलं: बोट छिद्रावरून उचलायचं नाही, सरकवायचं, आणि त्याच वेळी खालचा ओठ सैल सोडायचा. घाई केली तर किंचाळते.

कार्यक्रम संपल्यावर आप्पा थेट क्लॅरिनेटवाल्यापाशी.

"रीड कितीची?"

"तीनची, आजोबा."

"बाप रे. आम्ही दीड, फार तर दोन. चालत फुंकायचं तर जाड रीड दम खाते." मग त्यांनी शर्टच्या खिशातून रुमाल काढला, घडी उघडली. आत त्यांची एक जुनी रीड, टोकाला टवका उडालेली. हा रुमाल घेऊन ते निघाले होते, हे मला तेव्हा कळलं. मुलाने रीड उजेडाकडे धरून नीट पाहिली, मग आपली क्लॅरिनेट पुढे केली. "वाजवा ना."

"दात गेले रे. वरचे दात नसले की माउथपीस टेकवायचा कशावर? कवळीवर सूर थरथरतो." पण हातात घेतली. उलटसुलट करून पाहिली, चाव्या दाबल्या. "पॅड नवीन आहेत. आमची मेरठची होती, पावसात पॅड फुगायचे." मग शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसले, बसूनवाल्याच्या पट्ट्यावरच, क्लॅरिनेट गुडघ्यांमध्ये टेकवली आणि बोटं चालवायला लागले. फुंकर नाही. नुसती चाव्यांची टपटप, पावसाचे पहिले थेंब पत्र्यावर पडावेत तशी. पाचही जण खोकी भरायचे थांबले.

लेक बोटांकडे बघत होती. "आजोबा, यमन का?"

"नाही गं," आप्पा म्हणाले, "नागीण. बोटांना तीच पाठ आहे."