आज पुन्हा नऊने भागून पाहिले

वन्सं जाऊन आज तीन आठवडे झाले. नात्याने त्या माझ्या नणंद आणि लेखा विभागात अकरा वर्षे शेजारच्या टेबलावरच्या सहकारी. घरी ‘वन्सं’ आणि कार्यालयात ‘मॅडम’ ही दोन संबोधने मी कटाक्षाने वेगळी ठेवत असे, पण घाईच्या दिवशी चारचौघांत ‘वन्सं’ असे तोंडून निघून जाई आणि त्या चष्म्यावरून नुसत्या बघत.

आज दुपारी ताळमेळ लागेना. जमा आणि नावे यांत 270 चा फरक येत होता. अशा वेळी त्या आधी फरकाला नऊने भागायला सांगत, कारण पूर्ण भाग गेला तर बहुधा कुठेतरी शेजारचे दोन अंक उलटे लिहिले गेलेले असतात. मी भागून पाहिले, भाग गेला, आणि थोड्याच वेळात 4850 च्या जागी पडलेले 4580 सापडले. सवयीने डावीकडे वळून मी ‘सापडलं’ म्हणाले. त्या खुर्चीवर सध्या फायलींचा गठ्ठा ठेवलेला आहे.

त्या गोड बोलणाऱ्या होत्या असे मी लिहिणार नाही. माझ्या चुका त्यांनी नात्याखातर कधी पोटात घातल्या नाहीत, उलट माझी व्हाउचरे त्या दोनदा तपासत, आणि तेव्हा मला त्याचा रागही येत असे. त्यांच्या खणात तांबड्या पेन्सिलीचा बोटभर तुकडा मिळाला, तो मी माझ्याकडे ठेवला आहे. घरी ह्यांना मात्र अजून सांगितलेले नाही.