आमची वाटचाल: झाडावर चढणाऱ्या माणसांची फर्म

2011 साली पुण्यात मी बागकामाची कंत्राटं घ्यायला सुरुवात केली, तेव्हा मोठ्या झाडांची छाटणी आमच्या कामात नव्हती. लॉन, कुंपणाची मेंदी, गच्चीवरच्या कुंड्या एवढंच. पण मे महिना आला की प्रत्येक सोसायटीतून एकच विचारणा व्हायची: गुलमोहर पार्किंगवर आलाय, पावसाआधी काहीतरी करा. मग आम्ही नाक्यावरून लाकूडतोडे बोलावायचो. कुऱ्हाड, कोयता, कमरेला नायलॉनची दोरी, पायात काही नाही. त्या माणसांना लाकडाची जाण विलक्षण होती. बुंध्यावर कुऱ्हाडीचा दांडा ठोकून ढोली कुठवर गेली आहे ते सांगायचे आणि ते खरं निघायचं. त्यांच्या जिवाची जबाबदारी मात्र कुणाकडेच नव्हती. कंत्राटदाराकडे नाही, सोसायटीकडे नाही आणि मजुरी संध्याकाळी रोख मिळत असल्यामुळे कागदावरही नाही.

हे काम करायचं तर माणसं आपली हवीत, असं मी ठरवलं. माझा मावसभाऊ सिंधुदुर्गात लहानपणापासून माडावर चढणारा. त्याला पुण्याला बोलावलं. आमच्याकडे सगळे त्याला दादाच म्हणतात. पहिली मोठी खरेदी यंत्राची नव्हती. ती होती बसायचे पट्टे असलेला हार्नेस, चढायचा दोर, आपोआप बंद होणाऱ्या कॅराबिनर म्हणजे धातूच्या कड्या आणि हेल्मेट यांची. दादा आधी म्हणाला, "ताई, माडावर मी पायाला फास घालून चढतो, ह्या सगळ्याचं ओझं कशाला?" वर्षावृक्षाच्या आडव्या फांदीवर, जमिनीपासून तीन मजले वर, दोन्ही हात मोकळे ठेवून करवत चालवायला मिळाल्यावर त्याने तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. माड सरळ असतो, तिथे खोडाला मिठी मारता येते. पसरलेल्या झाडाच्या टोकाला मिठी मारायला काही नसतं, तिथे माणूस दोरावरच उभा असतो.

तिथून आमचा मुख्य नियम आला. वर चेनसॉ, म्हणजे फिरत्या साखळीची यांत्रिक करवत, चालणार असेल तर माणूस दोन वेगळ्या ठिकाणी बांधलेला हवा: एक चढायचा दोर आणि दुसरा खोडाभोवतीचा, आत पोलादी तार असलेला पट्टा. चेन दोराला लागली तर दोर क्षणात तुटतो, म्हणून दुसरा आधार.

चेनसॉला आमच्याकडे सगळे नुसतं 'मशीन' म्हणतात. ह्या मशीनमुळे वेळ वाचतो आणि ह्याच मशीनमुळे मला झोप लागायची नाही. बारच्या, म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते त्या लांब पट्टीच्या, टोकाचा वरचा चतकोर भाग चालू चेनसकट कशाला टेकला, की मशीन मागे आणि वर उसळतं, थेट चेहऱ्याकडे. माणसाला कळायच्या आत ते घडून गेलेलं असतं. म्हणून पुढच्या दांड्याखालून डाव्या हाताचा अंगठा वळलेला हवा आणि चेनचा ब्रेक रोज तपासलेला हवा. सकाळी काम सुरू करण्याआधी मशीन जमिनीवर चालू करून, थ्रॉटल देऊन, मनगटाने दांड्यापुढची ब्रेकची पाती ढकलायची. चेन जागच्या जागी थांबली पाहिजे. थांबली नाही तर ते मशीन त्या दिवशी झाडावर जात नाही, मग ग्राहक खाली घड्याळ बघत उभा असला तरी. गोल कानस घेऊन चेनचे दात घासायचं काम आदल्या संध्याकाळी होतं. बोथट चेन माणसाला जोर लावायला लावते आणि जोर लावणाऱ्याचा तोल जातो. कापताना बारीक भुसा पडायला लागला की चेन उतरवायची. चांगली चेन जाड कीस पाडते.

पायाला घालायच्या संरक्षक पॅंटवरून आमच्यात सगळ्यात जास्त वाद झाले. तिच्या आत लांब धाग्यांचे थर असतात. चेन लागली की धागे ओढले जातात, दातेरी चाकात गुंततात आणि मशीन जागेवर बंद पडतं. 'वर्ग 1' ची पॅंट सेकंदाला 20 मीटर वेगाच्या चेनसाठी तपासलेली असते. पण पुण्याच्या मे महिन्यात, पारा चाळिशीला टेकलेला असताना ती घालून चढणं म्हणजे अंगावर गोधडी घेतल्यासारखं. पोरं ती काढून ठेवायची. मी रागावून उपयोग नव्हता; कामाची वेळ बदलावी लागली. उन्हाळ्यात मशीनचं काम सकाळी, दुपारी दोर-गाठींची तपासणी आणि विश्रांती, उरलेलं चार नंतर. काही सोसायट्यांना सकाळचा आवाज चालत नाही. कानाशी तो 100 डेसिबलच्या पुढे जातो, त्यांची तक्रार खोटी नाही. अशा ठिकाणी आम्ही कामाला एक दिवस जास्त लावतो, पण भर दुपारी वर चढत नाही.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, दिवेआगर भागातल्या नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. परवानगीचे कागद घेऊन आम्ही तिकडे गेलो. पडलेलं झाड उभ्या झाडापेक्षा घातकी असतं, हे तिथे आमच्या प्रत्येक माणसाला पाठ झालं. खोड दोन्ही टोकांना टेकलेलं असेल तर वरची बाजू दाबलेली असते आणि खालची ताणलेली. आधी वरून थोडा काप घ्यायचा, मग खालून येऊन मिळवायचा. आधी ताणाच्या बाजूने घातलं तर लाकूड चिरत जाऊन फटका मारतं. दाबाच्या बाजूने फार खोल गेलं तर बार अडकतो. सगळ्यात भीती उपटलेल्या आंब्याची. बुंधा कापून वरचं वजन मोकळं झालं, की मातीने लगडलेला मुळांचा गड्डा धाडकन परत खड्ड्यात बसतो. आणि तो खड्डा बघायला गावातली मुलं कडेला उभी असायची. त्यामुळे तिथे एका माणसाला दुसरं काही कामच दिलं नव्हतं, फक्त लोकांना लांब ठेवायचं. बागायतदार स्वतःच्या बागेची ती अवस्था बघत होते, त्यांना 'मागे सरा' म्हणताना जड जायचं, पण म्हणावंच लागायचं.

परत आल्यावर फांद्या बारीक करायचं चिपर यंत्र कर्जावर घेतलं. पाला-फांद्या वाहून नेण्यापेक्षा सोसायटीच्याच झाडांखाली आच्छादन म्हणून पसरणं मला पटतं. ह्या यंत्राने मात्र जमिनीवरचं कामही तेवढंच जोखमीचं केलं. वर चढलेल्या माणसाचा दोर खाली सैल पडलेला असतो. तो फांदीबरोबर चिपरच्या तोंडात गेला तर माणूस झाडावरून खेचला जातो. आमच्याकडे दोराचं खालचं टोक पिशवीत असतं, जमिनीवर नाही. चिपर झाडापासून लांब, रस्त्याच्या दिशेला. सैल बाह्यांचा शर्ट घालून कुणी त्याच्याजवळ जायचं नाही आणि शेवटची बारीक डहाळी हाताने ढकलायची नाही, लांब फांदीने ढकलायची.

दिवसभर वर-खाली बोलणं चालू असतं. वरून "खाली मोकळं?" आणि खालून "मोकळं!" ऐकू आल्याशिवाय कापाला सुरुवात नाही. मोठी फांदी दोराने सोडायची असेल तर खालचा माणूस बुंध्याला वेढे घेऊन उभा असतो. "ढिला दे", "धर", "येऊ दे" एवढ्या तीनच आज्ञा, रोज त्याच. विजेच्या तारेजवळ दादाचा नियम वेगळा आहे: लाईन बंद केल्याचं फोनवर कळलं तरी लाईनमन समोर येऊन उभा राहीपर्यंत फांदीला हात लावायचा नाही. कुणाच्या घरचा जनरेटर उलटा प्रवाह तारेत सोडू शकतो. आणि चढण्याआधी दुर्बिणीने झाड बघायचं: आग्या मोहोळ, लाल मुंग्यांची पानांची घरटी, पक्ष्यांची घरटी. बगळ्यांची पिल्लं असतील तर काम पुढे ढकलतो. काही ग्राहक त्यावरून दुसरा कंत्राटदार बघतात.

ग्राहक जातात ते दरामुळेही. आमचं कोटेशन नाक्यावरच्या दरापेक्षा बरंच जास्त असतं आणि त्यात सुरक्षा साहित्य, विमा, खाली उभा राहणारा बचाव करणारा माणूस ह्या ओळी वेगळ्या लिहिलेल्या असतात. समितीतले काका विचारतात, "हा माणूस नुसता उभा राहणार, त्याचे पैसे कशाला?" हार्नेसमध्ये बेशुद्ध होऊन लटकलेल्या माणसाला लवकर खाली आणावं लागतं. 108 ची गाडी आली तरी तिच्यातली माणसं झाडावर चढत नाहीत. त्यासाठी तो उभा असतो, हार्नेस घालून, त्याचा स्वतःचा दोर तयार ठेवून. पावसाळ्याआधी आम्ही वाळूने भरलेलं पोतं वर बांधून ते उतरवण्याचा सराव करतो. ही ओळ कोटेशनमधून मी कधीही काढलेली नाही.

'सगळं बोडकं करून टाका' अशी मागणीही येते. शेंडे छाटून खुंट ठेवलेल्या झाडाला जे धुमारे फुटतात ते वरवरच्या सालीला धरून असतात, काही वर्षांनी तेच वाऱ्यात मोडतात. 1975 च्या राज्याच्या झाडांविषयीच्या कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्यांची परवानगी लागते, झाडावर नोटीस लागते, हरकती मागवल्या जातात. ह्याला वेळ लागतो आणि तो लागावा असंच मला वाटतं. परवानगी नसलेलं काम आम्ही घेत नाही. लोखंडी काट्यांचे बूट फक्त मुळासकट काढायच्या झाडावर, जगवायच्या झाडाला त्यांनी जखमा होतात.

दोर-पट्टे दर कामानंतर हाताने चाचपून बघायचे: कुठे कडक झालंय, कुठे केस निघालेत, कुठे पेट्रोल सांडलंय. उत्पादक कापडी साहित्याला साधारण 10 वर्षांची कमाल मर्यादा सांगतात; आमच्या वापरात ते त्याच्या खूप आधी बाद होतं. बाद दोर मी हातभर तुकडे करून टाकते. नाहीतर चांगला दिसतो म्हणून कुणीतरी घरी नेतो आणि एखाद्या दिवशी त्यावर चढतो.

आमच्याकडे थांबवण्याचा अधिकार वर असलेल्या माणसाकडे आहे. माझ्याकडे नाही, ग्राहकाकडे नाही. दादाने "आज नको" म्हटलं की दोर उतरतो, ट्रक परत जातो, मजुरी पूर्ण दिली जाते. त्या मजुरीची तरतूद वर्षाच्या हिशेबात आधीच केलेली असते. फर्म लहान राहिली त्याचं हेही एक कारण आहे आणि आजवर आमचा एकही माणूस झाडावरून पडला नाही, त्याचंही.

येत्या पावसाळ्याआधी दुसरी टोळी उभी करायची आहे. दादाचा भाचा आणि कोकणातली आणखी दोन पोरं येणार आहेत. माडावर सरसर चढणारी आहेत, तरी पहिले दोन महिने त्यांना मशीन मिळणार नाही. जमिनीवर गाठी, वेढे, कानस आणि पोतं उतरवणं. पगार पहिल्या दिवसापासून पूर्ण.