तुम्ही विचारलंत म्हणून: नवी गाडी सोडून जुनी फियाटच का?

गाड्यांचा विषय निघाला की ओळखीचे लोक मला हमखास विचारतात, की तेवढ्याच पैशांत एसी आणि वॉरंटीसह नवी गाडी दारात उभी राहत असताना साठ वर्षांपूर्वीची फियाट घेऊन ती पुन्हा बांधून काढण्याचे हे खूळ माझ्या डोक्यात शिरले कुठून. विचारणाऱ्याने उत्तरही बहुधा गृहीत धरलेले असते: वडिलांची असणार, लहानपणी तिच्यातूनच गणपतीला गावी जात असणार. तसे काहीही नाही. आमच्या घरात मोटार कधीच नव्हती, आणि फियाटमध्ये मी बसलो तो इतर मुंबईकरांसारखाच, काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या मागच्या सीटवर, मीटरकडे डोळे लावून.

मला हवी आहे ती फियाट ११०० डिलाइट. फियाटने १९५३ साली इटलीत ११००/१०३ हे मॉडेल आणले. त्याची पुढची दारे उलट्या बाजूने उघडत, आणि आपल्याकडे त्या गोलसर गाडीला लोक ‘डुक्कर फियाट’ म्हणत. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात साठच्या दशकाच्या मध्यापासून बनू लागलेली डिलाइट ही त्याच वंशातली, पण सरळ रेषांची आणि नेहमीसारख्या दारांची. पुढे फियाटबरोबरचा करार संपल्यावर तीच गाडी आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग प्रीमियर पद्मिनी या नावांनी विकली गेली. डुक्कर फियाटवर संग्राहकांचा डोळा असल्यामुळे तिची किंमत माझ्या आवाक्याबाहेर आहे. डिलाइटच्या मागे अजून तेवढी झुंबड नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. डिलाइटचे बॉनेट उघडले की १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन दिसते आणि त्याच्या भोवती हात घालायला ऐसपैस जागा दिसते. कार्ब्युरेटर, कॉइल, डिस्ट्रिब्युटर, पेट्रोल पंप, सगळे आपापल्या जागी उघड्यावर. गाडी सुरू होत नसेल तर प्लगची वायर काढून तिचे टोक इंजिनाजवळ धरायचे आणि कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगायचे. ठिणगी पडली नाही, तर डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून आतले पॉइंट, म्हणजे वीज जोडणारे-तोडणारे धातूचे टोक, बारीक पॉलिश पेपरने घासून पाहायचे. ठिणगी पडली, तर दोष पेट्रोलच्या वाटेवर शोधायचा. एप्रिल-मे महिन्यांत घाट चढताना पंपातच पेट्रोलची वाफ होते आणि गाडी थांबते. मग पंपावर ओले फडके टाकून ती निवेपर्यंत रस्त्याकडेला गप्पा माराव्या लागतात. बिघाडाचे कारण माणसाला स्वतःच्या डोळ्यांनी शोधता येते, या एका गोष्टीसाठी मला ही गाडी हवी आहे. आजची गाडी हिच्यापेक्षा सुरक्षित, स्वच्छ आणि काटकसरी आहे, याबद्दल माझे दुमत नाही. चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेल्या गाडीने पावसाळ्यात द्रुतगती मार्गावर कोणाशी स्पर्धा करू नये. परंतु नव्या गाडीत डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला की स्कॅनर काय म्हणतो ते ऐकण्यापलीकडे माझ्या हातात काही उरत नाही.

तरीही इंजिन हा सोपा भाग आहे. झिजलेले सिलिंडर बोअर करून नवे पिस्टन आणि रिंगा टाकणारे कारागीर अजून मिळतात. खरी परीक्षा पत्र्याची असते, कारण या गाडीला जीपसारखी वेगळी चासी नाही. बॉडी हाच सांगाडा आहे. म्हणून विकणारा इंजिनाचा आवाज ऐकवत असतो तेव्हा मी रबराची मॅट उचलून पायाखालचा पत्रा पाहतो, दारांखालच्या पट्टीवर अंगठा दाबतो आणि खिशातला लोहचुंबक चाकांच्या कमानींवरून फिरवतो. चुंबक जिथे चिकटत नाही, तिथे रंगाखाली पत्रा नसून लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असते. समुद्रकाठच्या गाड्यांत हे फार आढळते, त्यामुळे मी शक्यतो देशावरच्या कोरड्या हवेत राहिलेल्या गाड्यांच्या मागावर असतो. बाहेरून आरशासारखी चमकणारी गाडी मला उलट संशयास्पदच वाटते.

सुट्या भागांबाबत एक दिलासा आहे. पद्मिनी थेट २००० सालाच्या सुमारापर्यंत बनत होती आणि तिचे बरेच भाग डिलाइटला चालतात, त्यामुळे कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर चिकाटीने हिंडणाऱ्याला बरेच काही मिळते. परंतु हा सगळा बाजार टॅक्सींवर जगत होता. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये पासिंग झाली होती आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तीही रस्त्यावरून गेली. रोज या गाड्यांच्या बॉनेटखाली हात घालणारे मिस्त्री आता दुसऱ्या कामांकडे वळले आहेत, आणि मला घाई आहे ती त्यामुळेच.

यावर काही जण सुचवतात की पन्नास वर्षे उलटलेली गाडी घ्यावी आणि ‘व्हिंटेज’ म्हणून तिची नोंदणी करावी. २०२१ मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी वेगळे नियम केले असून नव्याने नोंदणी करताना वीस हजार रुपये शुल्क भरल्यावर ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. परंतु अशी गाडी प्रदर्शने, रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी नाही. मला तर तिच्यातून मंडईत जायचे आहे. त्यामुळे दर पाच वर्षांनी आरटीओत फिटनेस तपासून घेण्याचा आणि पर्यावरण कर भरण्याचा सामान्य मार्गच मला परवडेल. अर्थात त्यासाठी आरसी बुक मूळ मालकापासून सलग आणि स्वच्छ हवे. कागद नसलेली गाडी कितीही स्वस्तात मिळाली तरी ती केवळ सुट्या भागांचा साठा असते, आणि अशा दोन गाड्यांना मी नुकताच नकार दिला आहे.