रिसर्चसाठी छोटं अल्ट्रासाउंड मशीन बनवताना: माझा अनुभव

मला स्नायू आकसताना आतले तंतू कसे हलतात ते बघायचं होतं, आणि त्यासाठी तयार चित्र नको होतं, प्रोबमधून (अंगावर टेकवायचा, आवाज सोडणारा आणि ऐकणारा भाग) येणारा कच्चा सिग्नल हवा होता. आमच्याकडचं मशीन तो देईना, आतल्या आत सगळी प्रोसेसिंग करून फक्त चित्र बाहेर. मग ठरवलं की बॅगेत मावेल, बॅटरीवर चालेल आणि सगळं सॉफ्टवेअरमधून बदलता येईल असं आपणच करू.

पहिला हिशोब डेटाचा. ६४ चॅनेल (एकाच वेळी ऐकणाऱ्या वाटा), प्रत्येकावर सेकंदाला ४ कोटी सॅम्पल म्हणजे सिग्नलची मोजमापं, प्रत्येक १२ बिटचं, म्हणजे सेकंदाला ३० गिगाबिटच्या वर, आणि लॅपटॉपला जोडायच्या यूएसबी ३.० ची मर्यादा ५! दोन दिवस डोकं धरून बसलो होतो. पण शरीरात आवाज सेकंदाला साधारण १५४० मीटर जातो, १० सेंमी खोल जाऊन परत यायला १३० मायक्रोसेकंद, मग तेवढंच ऐकायचं ना? एका शॉटचा (एकदा आवाज सोडून ऐकण्याचा) डेटा जेमतेम अर्धा एमबी होतो, तो बोर्डवरच्या रॅममध्ये ठेवायचा आणि मग सावकाश लॅपटॉपला पाठवायचा.

खरा घाम काढला पॉवर सप्लायने. प्रोबला ७० व्होल्टचा झटका द्यायचा आणि लगेच त्याच तारेवर मायक्रोव्होल्टमधला प्रतिध्वनी ऐकायचा, त्यात बॅटरीवरून ७० व्होल्ट करणारा कन्व्हर्टर स्वतःच गोंगाट करतो, चित्रावर नुसते पट्टे. शिल्डिंग केलं, ग्राउंड बदललं, केबल बदलली, तीन आठवडे गेले. शेवटी कळलं की ऐकायच्या त्या १३० मायक्रोसेकंदांत कन्व्हर्टर बंदच ठेवायचा, चार्ज कपॅसिटर धरून ठेवतो. पट्टे गेले!!

टेस्टिंगला जिलेटिनमध्ये इसबगोल ढवळून जेली करतो, इसबगोलामुळे आवाज मांसासारखा विखुरतो, आणि मधून मासेमारीच्या नायलॉनच्या पाच दोऱ्या ओवतो, चित्रात प्रत्येकीचा एक ठिपका दिसायला हवा. जेली चारपाच दिवसांत खराब होते, मग परत नवी.

माणसावर अजून लावलेलं नाही. आपल्याकडे गर्भलिंग निदान रोखणारा पीसीपीएनडीटी कायदा आहे, पोर्टेबल मशीन नोंदलेल्या जागेबाहेर न्यायलाही बंधनं आहेत. कागदपत्रांत महिने जातायत, पण मला ते पटतं, गर्भलिंग निदानाविरुद्ध पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रानेच केला आणि तो का करावा लागला ते आपल्याला माहितीये. फाइल पुढे सरकतेय. परवा पाचही दोऱ्यांचे ठिपके स्वच्छ, वेगवेगळे दिसले, आता प्रोब थोडा तिरका धरून बघतोय.