शंभराव्या दिवशी किती बुडतंय?

मी औसा तालुक्यातला. लंडनमध्ये एका बँकेसाठी जोखीम मोजणारं सॉफ्टवेअर लिहितो. बाजार बंद झाला की रात्री आमचं खरं काम चालू होतं. मागच्या हजार दिवसांत शेअर, व्याजदर, डॉलर रोज जसे हलले, तसे ते उद्या हलले तर आजच्या सौद्यांचं काय होईल? असे हजार नफे-तोटे काढायचे, सगळ्यांत वाईट तोटा वर ठेवून ओळीने लावायचे आणि दहाव्यापाशी रेघ मारायची. ही रेघ म्हणजे व्हॅल्यू ॲट रिस्क. शंभरातले नव्याण्णव दिवस तोटा हिच्या आत राहावा, असा हिशेब. सकाळी सातच्या आत हा आकडा साहेबांच्या टेबलावर लागतो.

नवीन नोकरीच्या कौतुकात हे सगळं मी गावी शेती करणाऱ्या अण्णांना फोनवर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आन् शंभराव्या दिवशी किती बुडतंय?"

मला उत्तर देता येईना, कारण रेघ ते सांगतच नाही. पलीकडे चार पैसे जाणार की घरदार, रेघ तीच राहते. 2008 च्या पडझडीत बँकांना हे फार महाग पडलं. शेवटी बँकांसाठी जागतिक नियम ठरवणाऱ्या बासल समितीने जानेवारी 2016 मध्ये नवे नियम काढून एक्सपेक्टेड शॉर्टफॉल आणला. त्यात हजारातले सगळ्यांत वाईट पंचवीस दिवस घेऊन त्यांची सरासरी काढतात, आणि हिशेब बेततात तो सगळ्यांत अडचणीच्या बारा महिन्यांवर. आमच्या शेतकऱ्याचा पहिला प्रश्न तिथे नियमात यायला इतकी वर्षं लागली!

त्याच वर्षी 12 एप्रिलला मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात आम्ही दावणीची बैलजोडी विकली. गाडीत चढताना एक बैल मागे वळून बघत होता, ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

कामातली एक गोष्ट मात्र मला अण्णांमुळेच लवकर उमगली. एका रोख्याचा भाव चार दिवस आलाच नव्हता. सिस्टीमने जुना भाव पुढे ओढला, आणि भाव हलत नाही म्हणून जोखीम कमी दाखवली. रात्री दोनला तो आकडा बघून मला आमची आडत आठवली. चार दिवस सौदा निघाला नाही, तर पाटीवरचा जुना भाव कुणी खरा धरतो का? आता असा शिळा भाव सापडला की आमचा प्रोग्रॅम थांबतो आणि माणसाला विचारतो.

परवा अण्णांना म्हटलं, सोयाबीनला पैसा आहे, आठही एकर तेच का पेरत नाही?

"बहात्तरच्या दुष्काळात आम्ही सुकडीवर दिवस काढलेत बाबा. दोन एकर ज्वारीचीच ऱ्हाऊ दे."