मुंबईची एनओसी आणा!

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याचं कोठार रिकामं करताना हंडे-घंगाळांमागे आजोबांची १९५६ची लँडमास्टर मोटार सापडली. सापडली म्हणजे काय, ती तिथे आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं. उंदरांना जरा जास्त. भावंडांच्या सह्या, विमा, मेकॅनिक, सगळं उरकलं.

अडलो ते आरटीओत, नोंदणीच्या खिडकीवर. २०२१च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेल्या खासगी गाडीची विंटेज म्हणून नोंद होते. फी २०,००० रुपये. (बायको काय म्हणाली ते लिहीत नाही.) नवी नोंद असेल तर ‘व्हीए’ मालिकेतला नंबर; आधीची असेल तर जुनाच ठेवता येतो. मला जुनाच हवा होता. पण आरसी बुकावर छापलेलं, ‘बॉम्बे स्टेट’.

कारकून म्हणाला, “काका, मुंबईनी एनओसी लई आवो.”

म्हटलं, अहो भाई, बडोदं १ मे १९४९ला मुंबई राज्यात गेलं, १ मे १९६०ला गुजरात झालं. गाडी आहे तिथेच आहे, राज्यं आली नि गेली! त्याने स्क्रीनकडे बोट दाखवलं. दुसऱ्या खेपेला साहेब रजेवर. तिसऱ्या खेपेला, “व्हीए घ्या ना, सारो लागे.” मी खुळ्यासारखं मुंबईलाही पत्र टाकलं. उत्तर आलं, अशी गाडी आमच्या दप्तरी नाही. असेल कशी!

शेवटी माहिती अधिकारात, गाडीची नोंद इथलीच हे दाखवणाऱ्या जुन्या नोंदवहीच्या पानाची प्रमाणित प्रत मागितली. वही कुठे होती? त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. चार महिने मी तिच्याखाली रांगेत उभा होतो. तेव्हा पहिलाच अर्ज त्या पानासाठी करा.

हो, आणि चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट (कागद ठेवून पेन्सिलने घासून उमटवलेला ठसा) रंगकामाआधी घ्या. इंजिन बदलू नका; चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. जाम इंजिनाला लगेच हँडल मारू नका, प्लगच्या भोकांतून तेल सोडून आठवडाभर थांबा.

रोज फिरवायची परवानगी नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल एवढंच. पहिल्यांदा पेट्रोलला निघालो तर रावपुऱ्यात पोलिसाने नंबरप्लेटकडे बघत अडवलं. “काका, आमां जीजे क्यां छे?”

पानाची प्रत खिशातच होती.